विद्युत अपघटन: कोणत्या अग्रावर काय मिळेल, हे स्वतः ठरवण्याची रीत

शालेय रसायनशास्त्रात विद्युत अपघटनाचा भाग मोजक्या पानांत संपतो आणि बहुतेक विद्यार्थी तो पाठ करून मोकळे होतात: वितळलेल्या मिठापासून सोडियम व क्लोरीन, पाण्यापासून हायड्रोजन व ऑक्सिजन, मोरचुदाच्या द्रावणातून तांबे. प्रश्न जरासा बदलला की मात्र अडचण येते. मीठ वितळलेले नसून पाण्यात विरघळलेले असेल, किंवा कार्बनच्या कांड्यांऐवजी तांब्याच्या पट्ट्या असतील, तर पाठ केलेले उत्तर साफ चुकते, आणि ते का चुकले हेही कळत नाही. उत्तर स्वतः शोधून काढण्याची रीत येथे पायरीपायरीने दिली आहे. समीकरणे मुद्दाम शब्दांत लिहिली आहेत, कारण जी अभिक्रिया विद्यार्थ्याला वाक्यात सांगता येत नाही, ती त्याने चिन्हांत बरोबर लिहिली तरी त्याला समजलेली नसते, असा शिकवतानाचा माझा अनुभव आहे.

पहिली पायरी: शब्द नीट लावून घ्या

एखाद्या संयुगातून विद्युतधारा पाठवून त्याचे घटक वेगळे करणे म्हणजे विद्युत अपघटन. ही अभिक्रिया आपणहून घडत नाही. बॅटरीची ऊर्जा खर्च करून ती घडवून आणावी लागते. ज्यातून धारा जाते तो द्रव म्हणजे विद्युत अपघटनी, आणि त्यात बुडवलेल्या दोन कांड्या किंवा पट्ट्या म्हणजे विद्युत अग्रे. बॅटरीच्या धन टोकाला जोडलेले अग्र धनाग्र किंवा ॲनोड, तर ऋण टोकाला जोडलेले अग्र ऋणाग्र किंवा कॅथोड होय. विद्युत प्रभार असलेले अणू किंवा अणुगट म्हणजे आयन. धनप्रभारित आयन ऋणाग्राकडे सरकतात आणि ऋणप्रभारित आयन धनाग्राकडे.

आपल्या मराठी संज्ञांमध्ये चिन्हच गोवलेले असल्यामुळे सुरुवातीला फार सोय होते, पण हीच सोय अकरावी-बारावीत महागात पडते. मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने ॲनोड आणि कॅथोड हे शब्द रूढ केले, तेव्हा त्यांत धन-ऋण असे काही नव्हते; मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘वर जाणारी वाट’ आणि ‘खाली जाणारी वाट’ एवढाच आहे. अभिक्रियेतून वीज निर्माण करणाऱ्या घटात चित्र उलटे होते. भिंतीवरच्या घड्याळातल्या साध्या कोरड्या घटात जस्ताचे ऑक्सिडीकरण होते, म्हणून जस्त हा त्याचा ॲनोड असतो, आणि तरीही तेच त्या घटाचे ऋण टोक असते. अशा वेळी ‘धनाग्र’ हा शब्द अक्षरशः घेणारा विद्यार्थी गोंधळतो. म्हणून चिन्हापेक्षा क्रिया लक्षात ठेवावी: ॲनोडवर नेहमी ऑक्सिडीकरण होते, म्हणजे इलेक्ट्रॉन दिले जातात, कॅथोडवर नेहमी क्षपण होते, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतले जातात. ही खूण मराठीत फार सहज बसते. ॲनोड आणि ऑक्सिडीकरण हे दोन्ही शब्द स्वराने सुरू होतात, तर कॅथोड आणि क्षपण हे दोन्ही क्-ने, कारण ‘क्ष’ हे क् आणि ष यांचेच जोडाक्षर आहे.

दुसरी पायरी: धारा कोण वाहून नेते ते पाहा

तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, द्रावणातून नाही. द्रावणात धारा वाहते ती आयनांच्या सरकण्यामुळे. इलेक्ट्रॉन ऋणाग्रापासून पोहत पोहत धनाग्राकडे जातात, अशी समजूत उत्तरपत्रिकांमध्ये वारंवार आढळते आणि ती चुकीची आहे. ऋणाग्राच्या पृष्ठभागावर आलेले इलेक्ट्रॉन तिथेच कोणीतरी उचलतो, आणि धनाग्राच्या पृष्ठभागावर दुसरा कोणीतरी तितकेच इलेक्ट्रॉन सोडतो. या दोन ‘कोणीतरीं’ची ओळख पटवणे एवढेच आपले काम आहे.

आयन असून भागत नाही, ते मोकळेही असावे लागतात. मिठाच्या कोरड्या खड्यात सोडियम आणि क्लोराइड आयन खच्चून भरलेले असतात, परंतु स्फटिकात जागच्या जागी जखडलेले असल्याने त्यातून धारा जात नाही. मीठ वितळवले किंवा पाण्यात विरघळवले की आयन सुटे होतात. या दुसऱ्या प्रकाराला विचरण म्हणतात. साखर पाण्यात विरघळते पण तिचे आयन होत नाहीत, म्हणून साखरपाण्यात बल्ब पेटत नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात आयन अत्यल्प असतात, म्हणून तेही जवळजवळ दुर्वाहकच असते.

तिसरी पायरी: आधी हळदीच्या कागदावर पाहून घ्या

चंचुपात्र, परीक्षानळ्या, प्लॅटिनमची अग्रे वगैरे थाटमाट करण्याआधी हा छोटा प्रयोग मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, उघड्या खिडकीजवळ करावा. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर मीठ आणि दोन चिमटी हळद घालून ढवळा. जाडसर पांढरा टीपकागद त्यात भिजवून ताटलीवर पसरा. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून घ्या, त्यांच्या वरच्या शिसांना तारा गुंडाळून त्या नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीच्या टोकांना जोडा, आणि पेन्सिलींची खालची टोके पिवळ्या कागदावर एकमेकांपासून बोटभर अंतरावर टेकवा. पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण. शिसे या धातूशी त्याचा नावापुरताच संबंध आहे.

थोड्याच वेळात ऋण टोकाला जोडलेल्या पेन्सिलीभोवती तांबूस ठिपका उमटतो आणि हळूहळू पसरतो. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की जो लाल रंग येतो, किंवा हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेव्हा जो येतो, तोच हा रंग: आम्लारीची खूण. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की ठिपका पुन्हा पिवळा होतो. दुसऱ्या पेन्सिलीखाली कागदाचा पिवळा रंग फिकट होऊ लागतो आणि जवळून वास घेतला तर पोहण्याच्या तलावासारखा किंचित उग्र दर्प जाणवतो. तो क्लोरीनचा असतो, म्हणून ठिपके दिसले की बॅटरी काढावी; मिनिटभरापेक्षा जास्त वेळ प्रयोग चालवण्याचे कारण नाही.

या दोन ठिपक्यांत सगळा विषय सामावलेला आहे. ऋणाग्राकडे सोडियम आयन गेले, पण सोडियम धातू मात्र मिळाला नाही. पाण्यानेच इलेक्ट्रॉन घेतले, हायड्रोजनचे बुडबुडे सुटले आणि मागे हायड्रॉक्साइड आयन उरले, ज्यांनी हळद लाल केली. म्हणजे द्रावणात पाणी हादेखील एक स्पर्धक असतो. पाठ केलेली उत्तरे चुकतात ती बहुधा याच स्पर्धकाला विसरल्यामुळे.

चौथी पायरी: चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: पदार्थ वितळलेला आहे की पाण्यात विरघळलेला? वितळलेला असेल तर फक्त दोनच उमेदवार असतात आणि काम सोपे होते. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात सोडियम आयन एकेक इलेक्ट्रॉन घेऊन धातू होतात आणि दोन क्लोराइड आयन मिळून दोन इलेक्ट्रॉन देऊन क्लोरीनचा एक रेणू होतो. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये पोटॅशियम आणि सोडियम हे धातू प्रथम वेगळे केले ते अशाच तऱ्हेने, वितळलेल्या आम्लारींमधून धारा पाठवून. त्यांच्या पाण्यातील द्रावणांतून हे धातू हाती लागले नसते.

दुसरा प्रश्न: द्रावण असेल तर ऋणाग्रापाशी कोण जिंकतो, धातूचा आयन की पाणी? येथे अभिक्रियाशीलता श्रेणी, म्हणजे सर्वांत अभिक्रियाशील धातूपासून खाली उतरत जाणारी धातूंची यादी, हाताशी ठेवावी. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम हे श्रेणीच्या वरच्या टोकाचे धातू आयनरूपातच सुखी असतात. त्यांच्या द्रावणातून हायड्रोजन मिळतो. श्रेणीत हायड्रोजनच्या खाली असलेले तांबे, चांदी यांसारखे धातू इलेक्ट्रॉन आधी उचलतात आणि अग्रावर जमा होतात. जस्त, लोह, निकेल हे मधले धातू द्रावणाची संहती (त्यात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण) आणि इतर परिस्थिती यांनुसार वागतात. शालेय प्रश्नांत त्यांच्याबाबत पाठ्यपुस्तकात जे दिले असेल तेच धरावे.

तिसरा प्रश्न, जो सर्वांत जास्त विसरला जातो: धनाग्र स्वतः कशाचे आहे? कार्बन किंवा प्लॅटिनमचे असेल तर ते तटस्थ राहते असे धरता येते. तांब्याचे असेल तर बहुधा तेच इलेक्ट्रॉन देऊन विरघळू लागते, आणि मग आयनांमधल्या स्पर्धेची वेळच येत नाही. घरी पाण्याचे विद्युत अपघटन पहिल्यांदा करताना मी दोन्ही बाजूंना विजेच्या वायरमधली तांब्याची तार वापरली होती आणि ऑक्सिजनच्या बुडबुड्यांची वाट पाहत बसलो होतो. बुडबुडे एकाच तारेवर आले. दुसरी तार काळवंडून झिजत गेली आणि पाण्यात निळसर हिरवा गढूळपणा उतरला. प्रयोग फसला नव्हता, हा तिसरा प्रश्न विचारायचाच माझ्याकडून राहून गेला होता.

चौथा प्रश्न: धनाग्र तटस्थ असेल तर तिथे इलेक्ट्रॉन कोण देतो? क्लोराइड, ब्रोमाइड किंवा आयोडाइड पुरेशा संहतीत असतील तर ते देतात. सल्फेट आणि नायट्रेट आयन मात्र शालेय पातळीवर कधीच देत नाहीत. ते धनाग्राकडे सरकतात खरे, पण तिथे इलेक्ट्रॉन पाणी देते आणि ऑक्सिजन मिळतो. मिठाचे द्रावण फार विरल असेल तर तिथेही क्लोरीनसोबत ऑक्सिजनचे प्रमाण वाढत जाते.

मोरचूद: एकच द्रावण, दोन वेगळी उत्तरे

या चार प्रश्नांची खरी परीक्षा मोरचुदाच्या, म्हणजेच कॉपर सल्फेटच्या, द्रावणावर घ्यावी. चंचुपात्रात कॉपर सल्फेटचे निळे द्रावण घेऊन कार्बनच्या दोन कांड्या बुडवल्या तर ऋणाग्रावर प्रत्येक कॉपर आयन दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि काळ्या कांडीवर गुलाबीसर तांबड्या रंगाचा थर चढतो. धनाग्रावर सल्फेट गप्प राहतो, पाण्याचे दोन रेणू चार इलेक्ट्रॉन देतात, ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो आणि चार हायड्रोजन आयन द्रावणात राहतात. तांब्याचे आयन संपत जातात म्हणून निळा रंग फिका पडत जातो, आणि हायड्रोजन आयन व सल्फेट यांच्यामुळे द्रावण विरल सल्फ्युरिक आम्ल बनत जाते.

आता फक्त कांड्या काढून तांब्याच्या दोन स्वच्छ पट्ट्या बुडवा, बाकी काहीही बदलू नका. ऋणाग्रावर पूर्वीप्रमाणेच तांबे जमते. धनाग्रावर मात्र एकही बुडबुडा दिसत नाही, कारण तिथल्या पट्टीचेच अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन देऊन आयन होतात आणि द्रावणात उतरतात. एका बाजूने जितके कॉपर आयन उचलले जातात तितकेच दुसऱ्या बाजूने येतात, म्हणून द्रावणाचा निळा रंग जसाच्या तसा राहतो. ‘रंग फिका होईल का?’ असा एका ओळीचा प्रश्न परीक्षेत आला तर त्याचे उत्तर केवळ द्रावणाचे नाव वाचून देता येत नाही. अग्रे कशाची आहेत ते आधी पाहावे लागते.

तांब्याचे शुद्धीकरण म्हणजे हाच दुसरा प्रयोग मोठ्या हौदात केलेला. अशुद्ध तांब्याची जाड लादी धनाग्र, शुद्ध तांब्याचा पातळ पत्रा ऋणाग्र आणि सल्फ्युरिक आम्ल मिसळलेले कॉपर सल्फेट हे अपघटनी. लादीतले लोह, जस्त, निकेल हे तांब्यापेक्षा अधिक अभिक्रियाशील असल्याने विरघळतात, पण ऋणाग्रावर तांब्यापुढे त्यांची डाळ शिजत नाही आणि ते द्रावणातच राहतात. चांदी आणि सोने विरघळतच नाहीत. ते धनाग्राखाली गाळ होऊन साचतात आणि तो गाळ कारखान्यात जपून गोळा केला जातो. विजेने मुलामा देण्याची, म्हणजे विद्युत विलेपनाची, रीतही याहून वेगळी नाही: ज्या वस्तूवर थर हवा ती ऋणाग्र, ज्या धातूचा थर हवा तो साधारणपणे धनाग्र, आणि त्याच धातूचा क्षार द्रावणात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना लावतात ती कल्हई मात्र या प्रकारात मोडत नाही. तिथे भांडे तापवून, नवसागराने साफ करून, वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने फिरवतात; विजेचा तिच्याशी काही संबंध नाही, तरीही विद्युत विलेपनाचे उदाहरण म्हणून ती उत्तरपत्रिकेत हमखास येते.

ॲल्युमिनियमसाठी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल असल्याने पाणी चालत नाही. बॉक्साइट, जे आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातही सापडते, त्यापासून मिळवलेले ॲल्युमिना सुमारे २०५० अंशांना वितळते, म्हणून ते वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवून सुमारे ९५० अंशांवर अपघटन करतात. ही रीत अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी १८८६ मध्ये स्वतंत्रपणे शोधली. कार्बनची धनाग्रे येथे तटस्थ राहत नाहीत. सुटणाऱ्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ती झिजतात आणि वारंवार बदलावी लागतात. एक किलो ॲल्युमिनियमसाठी साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते.

पाण्याचे अपघटन घरी करताना

शाळेत विरल सल्फ्युरिक आम्ल मिसळलेले पाणी आणि प्लॅटिनमची अग्रे वापरली तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या आकारमानांचे प्रमाण २ : १ असे स्पष्ट दिसते. व्होल्टा यांच्या विद्युत घटाची बातमी पोहोचताच निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० मध्ये लंडनमध्ये पाण्याचे असे अपघटन केले होते. घरी आम्ल हाताळू नये. मीठही घालू नये, कारण मग धनाग्रावर ऑक्सिजनऐवजी क्लोरीन येतो. खाण्याचा सोडा चालतो, पण धनाग्राजवळ तयार होणारे आम्ल सोड्यावर क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडते आणि पेन्सिलीचे शिसेही थोडे झिजते, तेव्हा २ : १ हे प्रमाण तिथे जुळले नाही तर निराश होऊ नये. सिद्धांतानुसार पाण्याच्या अपघटनाला १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात मात्र दीड व्होल्टच्या एका घटाने जवळजवळ काहीच दिसत नाही. चार घट एकसरीत जोडावेत किंवा नऊ व्होल्टची बॅटरी घ्यावी.

भिंतीवरच्या सॉकेटमधली २३० व्होल्टची वीज या प्रयोगांसाठी कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. ती प्रत्यावर्ती असल्याने अग्रांची धन-ऋण बाजू सतत पालटत राहते, म्हणजे प्रयोगाच्या उपयोगाची नाही, आणि ओल्या हातांनी तिच्याजवळ जाणे जिवावर बेतू शकते. इन्व्हर्टरची बॅटरीही घेऊ नये. दोन्ही वायू एकाच बंद भांड्यात साठवू नयेत, कारण ते मिश्रण ठिणगीने स्फोट पावते. धनाग्र म्हणून स्टीलचा चमचा वापरू नये. त्यातले क्रोमियम विषारी रूपात द्रावणात उतरू शकते. मोरचूद पोटात गेल्यास विषबाधा होते, म्हणून स्वयंपाकघरातली भांडी त्यासाठी घेऊ नयेत.

शेवटची पायरी: किती, हे मोजा

फॅरडे यांच्या पहिल्या नियमानुसार अग्रावर जमणाऱ्या पदार्थाचे वस्तुमान द्रावणातून गेलेल्या विद्युत प्रभाराच्या समप्रमाणात असते. एक मोल (कण मोजण्याचे एक ठरावीक, फार मोठे माप) इलेक्ट्रॉनांचा प्रभार सुमारे ९६,५०० कूलोम असतो. समजा, तांब्याच्या पट्ट्यांच्या प्रयोगात ०.५ अँपिअर धारा ३० मिनिटे वाहिली. धारेला सेकंदांनी गुणायचे, मिनिटांनी नाही: ०.५ × १८०० = ९०० कूलोम. याला ९६,५०० ने भागले की ०.००९३३ मोल इलेक्ट्रॉन मिळतात. प्रत्येक कॉपर आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून तांबे त्याच्या निम्मे, ०.००४६६ मोल, आणि तांब्याचे अणुवस्तुमान ६३.५ असल्याने ते सुमारे ०.३० ग्रॅम भरते. तेवढ्याच प्रभाराने पाण्यापासून हायड्रोजनचेही ०.००४६६ मोल मिळाले असते, म्हणजे खोलीच्या तापमानाला सुमारे ११२ मिलिलिटर. दोनने भागायचे विसरणे ही या गणितातली नेहमीची चूक आहे, आणि ती टाळण्यासाठीच अग्रावरची अभिक्रिया आधी वाक्यात लिहावी.

प्रत्यक्ष वजन करताना ऋणाग्राची पट्टी हलक्या हाताने पाण्यात बुचकळून काढावी, फडक्याने पुसू नये, कारण नुकताच बसलेला थर पुसून जातो. थोड्या स्पिरिटमध्ये बुडवून हवेत वाळू द्यावी आणि मगच तराजूवर ठेवावी. वजन ०.३० ग्रॅमपेक्षा बरेच कमी भरले तर चंचुपात्राच्या तळाशी पाहावे. धारा गरजेपेक्षा जास्त ठेवली की तांबे घट्ट थराऐवजी भुसभुशीत तपकिरी भुकटी होऊन बसते आणि पट्टी उचलताना गळून पडते. अशा वेळी आकडेमोड तपासत बसण्याऐवजी धारा निम्मी करून वेळ दुप्पट करावा, म्हणजे प्रभार तेवढाच राहतो आणि थर पट्टीला धरून बसतो.